फडके पिळायचे नाही

कवठ पिकले आहे की नाही, हे ते आपण होऊन सांगत नाही. वरून ते कधीही पाहा, तसेच दिसते. पांढुरके, खरबरीत, राख फासून बसलेले. त्याला हातभर उंचीवरून जमिनीवर टाकून विचारावे लागते. कच्चे असेल तर ते टणकन उसळते आणि उड्या घेत कोपऱ्यात जाऊन लपते. पिकलेले असेल तर धप्प असा जड आवाज करते आणि पडल्या जागी बसून राहते. आमच्या पारनेरकडच्या गावांत ही परीक्षा शेंबड्या पोरालाही येते. यंदा मात्र ती घ्यायला मला माझ्याच घरात मनाई झाली आहे. सकाळी रशीदभाईंनी बांधावरची कवठे पिशवी भरून आणून दिली. मी सवयीने एक उचलले, हात वर केला, तोच आतल्या खोलीतून मंदाचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, दबका आवाज आला.

"आपटू नका. आत झोपलंय कोणी. आपटायचं तर अंगणात जाऊन आपटा."

मी पिशवी घेऊन निमूटपणे अंगणात आलो. माघातले ऊन अजून कोवळे होते. कवठ नाकाशी नेले. त्याच्या देठापाशी एक वास असतो. आंबूस, गोडसर, किंचित ताकासारखा, किंचित गुळाच्या ढेपेसारखा. तो वास आला आणि छातीत काहीतरी उसळले. पन्नाशी ओलांडून बरीच वर्षे झालेल्या माणसाने एका फळाचा वास घेऊन इतके हरखून जावे, हे शोभते की नाही कोण जाणे. पण मला गेल्या वर्षीचा माघ आठवला, आणि कवठ हातातच राहिले.

हे झाड कोणाचे, असा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. आमचे शेत आणि रशीदभाईंचे शेत यांच्यामधल्या बांधावर ते उभे आहे. ते लावले कोणी, हे त्यांच्या वडिलांना ठाऊक नव्हते आणि माझ्याही वडिलांना नव्हते. रिवाज एवढाच, की फळ ज्याच्या अंगाला पडेल त्याचे. वारा आमच्याकडून सुटला की कवठे त्यांच्या हरभऱ्यात पडतात, आणि तिकडून सुटला की आमच्या ज्वारीत. पण जेलीचा हंगाम आला की हा रिवाज कामाचा राहत नाही. पडलेले कवठ चटणीला उत्तम. जेलीला मात्र जरा कच्चे, अर्धवट पिकलेले लागते, नाहीतर ती धरत नाही. असे कवठ आकडीने तोडून काढावे लागते, आणि आकडीने काढलेल्या फळाला बाजू नसते. म्हणून मंदाने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच निवाडा करून टाकला. काढलेली सगळी कवठे आमच्या स्वयंपाकघरात यावीत आणि भरलेल्या बरण्यांतल्या निम्म्या रशीदभाईंच्या घरी, शमीमभाभींकडे जाव्यात. तो निवाडा आजवर कोणी मोडलेला नाही.

जेली हा प्रकार आमच्या गावात मंदाच्याच पावलांनी आला. लग्नाआधी ती नगरला शिकत असताना कुठल्याशा सुट्टीतल्या वर्गात ती करायला शिकली होती. आम्हाला कवठ म्हणजे गूळ, मीठ, तिखट घालून कालवलेली चटणी, एवढेच माहीत. पहिल्या वर्षी तिने बरणी खिडकीत ठेवली तेव्हा शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या. राखेच्या रंगाच्या कवचातून, शेणकुटासारख्या दिसणाऱ्या गरातून, हा माणकासारखा लाल पदार्थ निघतो कसा, हे कोणालाच उमगेना. मला तर अजूनही उमगलेले नाही. दर वर्षी मी तितक्याच अधीरतेने त्या पातेल्यापाशी जाऊन उभा राहतो, आणि दर वर्षी तितकाच चकित होतो.

गेल्या वर्षी माघाच्या सुरुवातीला शुभा अचानक घरी आली. शुभा ही आमची एकुलती मुलगी. लग्नानंतर पुण्यात असते. जावई बरोबर नव्हते. फोन नाही, निरोप नाही, दुपारच्या एस.टी.ने उतरली आणि पायरीवर पिशवी टेकवत म्हणाली, "आई, कवठं काढली का?"

"काढायचीत अजून. का गं?"

"काही नाही. खावंसं वाटलं."

पडलेले एक कवठ कट्ट्यावर होते. तिने ते दगडावर फोडले, मीठ आणि तिखट मागून घेतले, आणि पायरीवरच बसून बोटाने खाऊ लागली. ते पुरते पिकलेलेही नव्हते. नुसत्या पाहण्याने माझे दात आंबले. ती मात्र डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, कवचाचा तळ खरवडून खात होती. मी मंदाकडे पाहिले. मंदाने माझ्याकडे पाहिले नाही, आणि तिच्या त्या न पाहण्यातच मला सगळे कळले. मी बोलायला तोंड उघडले.

"अहो," मंदा पटकन म्हणाली, "आकडी कुठं ठेवलीय बघा बरं. गोठ्यामागं असंल."

मी आकडी शोधायला गेलो. आकडी गोठ्यामागे नव्हती. ती दारामागेच असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

आता, मला असे दूर पाठवावे लागते, याचे कारण सांगायला हवे. घरात ते कोणापासून लपलेले नाही. माझा आवाज हळू आहे, त्यामुळे मी कमी बोलतो असा लोकांचा समज होतो. वस्तुस्थिती अशी, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, शुभाने आईला फोनवर आनंदाची बातमी दिली होती. मंदाने ती मला सांगितली आणि इतक्यात कोणाला सांगू नका, असेही बजावले. त्या संध्याकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर पडलो. पिठाच्या गिरणीत दिले, दूध घालायला आलेल्यांना दिले, दुसऱ्या दिवशी पारनेरला जाताना कंडक्टरलाही दिले. कारण विचारले की मी हळू आवाजात सांगत असे, आणि हळू सांगितल्यामुळे आपण गुपित राखले, असे मला वाटत असे.

महिना उलटायच्या आत ती आशा संपली. शुभा विश्रांतीसाठी गावी आली, तेव्हा दारादारात माणसे उभी होती. कोणी वाईट नव्हते. ज्यांना कळले होते ते हळहळायला येत. ज्यांना कळले नव्हते ते हसून विचारीत, कितवा गं? मी वाटलेला प्रत्येक पेढा तिला एकेक करून परत घ्यावा लागला. मला ती एक शब्दही बोलली नाही. नंतर तिचे येणे कमी झाले, आणि फोनवर मी काही विचारले की ती म्हणे, "आईला देता का?"

म्हणून गेल्या माघात माझी गोष्ट अशी अवघड झाली होती. मला सगळे कळले होते, आणि मला कोणी काही सांगितले नव्हते. या वेळी तिने स्वतःहून, आपल्या तोंडाने, मला सांगावे, एवढेच मला हवे होते. आणि ते मागून मिळणारे नव्हते.

कवठे काढण्याच्या दिवशी रशीदभाई झाडावर चढून आकडीने फांद्या वाकवीत होते आणि मी खाली धोतर पसरून झेलत होतो. शुभा बांधावर बसली होती. झेललेल्यातले एक कवठ तिने हळूच ओढून घेतले.

"ए पोरी," रशीदभाई वरून म्हणाले, "आमच्या अंगाचं हाय ते."

"आकडीने काढलंय, चाचा. त्याला अंग नसतं."

"लई हुशार झाली पुण्याला जाऊन. खा, खा. कच्चं असंल तर दुसरं घी."

तेवढेच बोलून ते पुन्हा फांदीकडे वळले. मी मनात म्हटले, यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. आपल्यापाशी एवढे मोठे गुपित आहे आणि आपण ते राखून आहोत, या जाणिवेने माझी मान ताठ झाली. धोतरात पडणारे प्रत्येक कवठ मला लाडूसारखे हलके वाटत होते.

गर शिजवून झाला की तो गाळायचा. या कामासाठी आमच्याकडे वडिलांच्या जुन्या धोतराचे फडके आहे. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले आहे. ते आधी भिजवून घट्ट पिळून घ्यायचे, म्हणजे ते रस पीत नाही. मग त्यात ऊन ऊन गर ओतायचा, चारी टोके बांधायची, आणि पाडव्याला चक्का टांगतो त्याच आकड्याला टांगायचे. खाली पातेले. इथवर माणसाचे काम. पुढचे फडक्याचे. पहिल्यांदा धार लागते, मग थेंब, मग थेंबाथेंबांत लांबलचक अंतर. टप्प. आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. गोळा तर अजून ओलागच्च, भरलेला, हाताला हात भिडवून दाबावा असा समोर लोंबत असतो. एकदा पिळले की वाटीभर रस सहज निघेल. पण पिळलेला रस गढूळ असतो, आणि एकदा गढुळलेला रस कशानेही पुन्हा निवळत नाही. जेली होते, पण तिच्यातून उजेड जात नाही.

दर वर्षी मंदा मला त्या पातेल्यापासून दूर ठेवते. गेल्या वर्षी मी आपण होऊन पाट ओढून तिथे बसलो.

"हात मागं," मंदा म्हणाली.

"मागेच आहेत."

"मागंच राहू द्या. तुमची नजर बी पिळती."

शुभा खुदकन हसली. तिचे ते हसू मी फार दिवसांनी ऐकले. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, एका हाताने नकळत पोटाशी ओढणीची गुंडाळी करत. दुपार कलली होती. खिडकीतून आलेले ऊन थेंबावर पडे, आणि पडता पडता थेंब क्षणभर पेटल्यासारखा लाल होई. आम्ही दोघे ते पाहत राहिलो. माझ्या जिभेवर प्रश्न येऊन बसला होता. तब्येत कशी आहे, इथून सुरुवात केली असती तरी पुढचे सगळे आपोआप ओघळले असते. मी ओठ हलवले.

"बाबा?" ती म्हणाली.

"काही नाही. उशी देऊ का पाठीला?"

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मग म्हणाली, "द्या."

मी उशी आणून दिली. टप्प. मला आयुष्यात प्रथमच असे वाटले, की न विचारलेला प्रश्नही समोरच्याला ऐकू जात असावा. आजवर मी माणसांना प्रेमानेच विचारत आलो, यात मला शंका नाही. पण माझे प्रेम हे बरेचदा माझ्याच अधीरतेचे सोज्वळ नाव होते, हे त्या पाटावर बसून मला मान्य करावे लागले. आणि गंमत अशी, की ते मान्य करताना मन खिन्न झाले नाही. उलट, पुढचा थेंब कधी पडतो याची मला लहान मुलासारखी ओढ लागली. वाट पाहण्यात इतका आनंद असतो, हे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी बहुधा तेही गावभर सांगितले असते.

संध्याकाळी मंदाने फडके उतरवले आणि माझ्या हातात दिले. "घ्या. आता पिळा हवं तेवढं. चोथ्याची चटणी करते."

मी इतक्या जोराने पिळले, की कोपरापर्यंत हात बरबटले. मायलेकी हसून हसून बेजार झाल्या.

मग साखर, मग आच. रस उकळू लागला की घरभर तो आंबूस वास पसरतो, वर फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहायचे, आणि रंग पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लाल होत जातो. ही वेळ धामधुमीची. मंदा झारा उचलून तिरका धरते आणि शेवटचे थेंब पाहते. ते वेगवेगळे पडले तर अजून वेळ आहे. दोन थेंब काठावर थबकले, एकमेकांत मिसळले आणि पातळ पडद्यासारखे मिळून घसरले, की झाले. त्या क्षणी ती "बंद करा" म्हणते आणि आम्ही सगळे धावतो. कोणी बरण्या धरतो, कोणी पळी, कोणी फडकी. त्या हंगामात "बंद करा" ऐकून सर्वांत आधी शुभा उठू लागे आणि मंदा तिला डोळ्यांनी खाली बसवी. मी ते पाहिले नाही असे दाखवी. बरण्या भरून झाल्या की त्यांना हात लावायचा नाही, हलवून पाहायचे नाही. जे धरायचे ते हलवल्याशिवाय धरते.

असे तीन-चार वेळा झाले. शुभा जाईना, जावई रविवारी येऊन जाऊ लागले, आणि घरात तो एक शब्द कोणी उच्चारेना. मी पारनेरला कामावर जात होतो, गिरणीत जात होतो, लोक भेटत होते. शुभाताई आल्यात वाटतं, असे कोणी म्हणाले की मी हो म्हणे आणि पावसापाण्याकडे वळे. कोणी पुढे विचारतही नसे. मला ते आपल्याच संयमाचे फळ वाटे.

फाल्गुन लागला, झाडावर कवठे सरत आली. शेवटच्या खेपेच्या बरण्या खिडकीत मांडून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शुभाने एक बरणी उचलून तिरकी केली. आतली जेली जागची हलली नाही. तिने ती उजेडात धरली. तिच्या गालावर लाल डाग पडला.

"बाबा, किती स्वच्छ झालीय बघा."

"हो."

"तुम्ही मला काही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"तेच." ती हसली. मग बरणीकडेच पाहत, सावकाश म्हणाली, "चौथा लागला, बाबा. सगळं ठीक आहे. मलाच तुम्हाला सांगायचं होतं. आईलासुद्धा मी सांगितलेलं नाही; ती आपलं आपण समजली." आणि थोड्या वेळाने, "आता कोणाला सांगावंसं वाटलं तर सांगा. माझी हरकत नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो किती वेळ ठेवला होता, मला आठवत नाही.

त्यानंतरची धांदल सांगण्यासारखी आहे. कोणाला सांगू, असे मला झाले होते, आणि सांगायची मोकळीकही होती. मी शमीमभाभींच्या वाट्याच्या बरण्या टोपलीत घेतल्या आणि बांधावरून जवळजवळ पळतच निघालो. रशीदभाई हरभरा उपटत होते. वाटेत मी वाक्य जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. जवळ जाऊन टोपली ठेवली आणि हळू आवाजात म्हटले, "रशीदभाई, एक बातमी आहे. शुभाला दिवस गेलेत."

त्यांनी कंबर सरळ केली. "अल्लाहची मेहेरबानी. चौथा लागला का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"भाऊसाहेब, पोरगी बांधावर बसून कच्चं कवठ मिठासंगं खाती, आन आमाला कळायचं न्हाई व्हय? शमीमला पैल्याच दिशी कळलं. गिरणीत ठाव हाय. दूधवाल्यांना ठाव हाय. तुमच्या कंडक्टरला बी ठाव हाय."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"बोलायचं कशाला? मागल्या टायमाला पोरीला लई तरास झाला. समद्यांनी ठरवलं, तिच्या तोंडून येस्तोवर कुनी नाव काडायचं न्हाई." ते मिशीत हसले. "आन खरं सांगू का, आमी तुमच्यापास्नंच लपवत हुतो. म्हनलं, भाऊसाहेबांना कळलं तर पेढं निघतील."

मी बांधावर मटकन बसलो. मग मला हसू फुटले, आणि ते थांबेना. रशीदभाईही हसू लागले. महिनाभर मी ज्यांच्यापासून गुपित राखत होतो, ते सगळे मिळून तेच गुपित माझ्यापासून राखत होते. ज्या गावात मी पेढे वाटून माझ्या लेकीचे दुःख दारादारात नेऊन ठेवले होते, त्या गावाने या वेळी दारे ओढून घेतली होती, आणि आवाज होऊ नये म्हणून कड्यासुद्धा हळू लावल्या होत्या. मला ओशाळे वाटायला हवे होते, थोडे वाटलेही. पण त्याहून मोठे असे काही अंगभर भरून आले होते, की वरच्या उरल्यासुरल्या कवठांना सुद्धा मिठी मारावी.

"बरं, मग आता पेढे वाटू का?" मी विचारले.

"आता वाटा की. आता कोन नको म्हनतंय."

हे सगळे आज सकाळी अंगणात उभ्या उभ्या आठवले. हातातले कवठ तळहाताच्या उबेने अधिकच दरवळू लागले होते. किती वेळ गेला कोण जाणे. दार वाजले, आणि शुभा बाहेर आली. तिच्या खांद्यावर आमची नात होती. झोप डोळ्यांत तशीच, एक मूठ आईच्या केसांत, गालावर उशीच्या शिवणीचा ठसा.

"अजून आपटलं नाही?" शुभाने विचारले.

"ती झोपली होती ना."

"केव्हाची उठलीय. टाका आता, बघू दे तिला."

मी वाकलो आणि कवठ सोडले. टणकन आवाज झाला. ते उसळले, पुन्हा उसळले, आणि तुळशीच्या कट्ट्याला आपटून गोल फिरत थांबले. कच्चे होते, जेलीला अगदी हवे तसे. नात दचकली. तिचे डोळे मोठे झाले, त्या उड्यांच्या मागे मागे कट्ट्यापर्यंत गेले, आणि तिथे कवठ थांबलेले पाहून माझ्याकडे परत आले. मग तिने केस सोडले आणि दोन्ही हात माझ्याकडे पसरले.

"अजून एक टाका, बाबा," शुभा म्हणाली.

पिशवी भरलेलीच होती.